अमो, अमास्, अमत् : लॅटिनचा वर्तमानकाळ आणि मराठी कान

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मराठी माणूस लॅटिन शिकायला बसला की त्याच्या हाती बहुधा इंग्रजीतून लिहिलेले पुस्तक येते. पहिल्या काही पानांतच सहा रूपांचा तक्ता भेटतो : अमो, अमास्, अमत्, अमामुस्, अमातिस्, अमन्त्. धातूचा अर्थ प्रेम करणे. शेजारी इंग्रजी अर्थ दिलेला असतो. इंग्रजीत या सहा जागांपैकी पाच जागी क्रियापद अगदी एकसारखे राहते, आणि एकाच जागी, 'तो' किंवा 'ती'बरोबर, शेवटी स लागतो. शाळेपासून घोटलेला तो स मनात धरून विद्यार्थी 'अमास्' वाचतो आणि अर्थ लावतो, 'तो प्रेम करतो'. लॅटिनमध्ये हा स दुसऱ्या पुरुषाचा आहे. 'अमास्' म्हणजे 'तू प्रेम करतोस'.

मराठीतून पाहिले असते तर हा घोटाळा झालाच नसता. 'करतोस', 'जातेस', 'आहेस' यांतला स मराठी माणसाच्या तोंडी दिवसभर असतो, आणि तो 'तू'चाच असतो. लॅटिनमध्ये 'तू'साठी शब्दही 'तू' असाच आहे, दीर्घ ऊकारासकट.

आजच्या व्याख्यानाचे मुख्य म्हणणे या उदाहरणात आले आहे. लॅटिनच्या क्रियापदाकडे जाणारी वाट महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या विद्यार्थ्याला संस्कृत-मराठीतून जवळची पडते. इंग्रजीतून तो लांबचा वळसा घेतो, आणि वाटेत हाताशी असलेले बरेच काही गमावतो.

आधी तक्ताच नीट पाहू या. सहाही रूपांत 'अम-' कायम आहे आणि माणूस बदलतो तो शेवटाला. -ओ म्हणजे मी, -स् म्हणजे तू, -त् म्हणजे तो, ती किंवा ते. अनेकवचनात -मुस् म्हणजे आम्ही, -तिस् म्हणजे तुम्ही, -न्त् म्हणजे ते. सर्वनाम वेगळे लावावे लागत नाही. मराठी माणूस फोनवर 'येतोस का?' एवढेच विचारतो, त्यात 'तू' उच्चारत नाही, तरी प्रश्न कोणाला आहे हे कळते. रोमन माणूस असेच बोलत होता. 'तू' हे सर्वनाम तो लावी ते जोर द्यायला, 'येतोस का तू?' मधल्यासारखे.

आता हेच शेवट संस्कृतच्या लट् लकाराशेजारी, म्हणजे वर्तमानकाळाच्या रूपांशेजारी, ठेवले, की आठवी-नववीत पाठ केलेले कामी येते. भरामि, भरसि, भरति. भरामः, भरथ, भरन्ति. 'भृ' म्हणजे वाहून नेणे, धारण करणे. लॅटिनमधला त्याचा सख्खा भाऊ : फेरो, फेर्स्, फेर्त्, फेरिमुस्, फेर्तिस्, फेरुन्त्. संस्कृतातला भ लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला फ होतो. 'भ्राता'चा 'फ्रातेर्' होतो तसाच. -सि, -ति, -न्ति यांतला अखेरचा इकार लॅटिनने टाकला आणि -स्, -त्, -न्त् उरले. द्विवचन लॅटिनमध्ये नाही, म्हणजे नऊऐवजी सहाच रूपे.

'असणे' या क्रियापदात तर नाते उघडेच दिसते. अस्मि, असि, अस्ति. स्मः, स्थ, सन्ति. लॅटिनमध्ये सुम्, एस्, एस्त्. सुमुस्, एस्तिस्, सुन्त्. इंग्रजी पुस्तके याला 'अनियमित क्रियापद' म्हणतात आणि विद्यार्थ्याला ते तसेच घोकायला लावतात. संस्कृत शिकलेला विद्यार्थी मात्र जरा थांबतो. 'अस्ति'त अ आहे, 'सन्ति'त तो गळला आहे. 'एस्त्'मध्ये ए आहे, 'सुन्त्'मध्ये तो गळला आहे. धातूचा स्वर अनेकवचनात लोपायचा, ही या दोन्ही भाषांच्या सामाईक पूर्वजाची लकब आहे. रोम वसण्याच्या कितीतरी आधीपासूनची ही खूण दोन्हीकडे टिकली.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती भारतात आलेल्या लॅटिन जाणणाऱ्यांच्या, आणि त्या कथेची सुरुवात गोव्यात होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला. 1583 साली त्याने आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले आणि त्यात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. पुढे याच माणसाने 1616 साली मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. त्याचे कोकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, 1640 साली, राशोलला छापले गेले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून ते ओळखले जाते. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी स्टीफन्सचा समकालीन. 'देव', 'सर्प', 'सप्त' यांसारख्या शब्दांचे इटालियनशी साम्य त्याने पत्रांतून कळवले. 1588 साली गोव्यातच त्याचा मृत्यू झाला. पुढे पाँडिचेरीतल्या केर्दू या फ्रेंच जेझुइटाने 1767 च्या सुमारास संस्कृत आणि लॅटिनमधल्या 'असणे'ची रूपे एकमेकांशेजारी मांडून पॅरिसला पाठवली.

त्यानंतरचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असे प्रतिपादन केले, आणि पुरावा म्हणून धातू आणि व्याकरणातली रूपे यांकडे बोट दाखवले. मात्र तौलनिक भाषाशास्त्राचा शास्त्रशुद्ध पाया घातला तो फ्रान्झ बॉप या पंचविशीतल्या जर्मन अभ्यासकाने. 1816 साली फ्रँकफुर्टला निघालेल्या त्याच्या ग्रंथाचा विषय होता क्रियापदांची रूपावली : संस्कृतची, आणि तिच्या तुलनेत ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक भाषांची. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज जातात. 'तू', 'तो', 'आम्ही' दाखवणारे प्रत्यय संचच्या संच कोणी उसने घेत नाही. म्हणून बॉपने साम्य शोधले ते रूपावलीत. लॅटिनचा पहिला धडा म्हणून जे सहा शब्द पाठ केले जातात, तेच एका शास्त्राचे पहिले साधन होते.

मराठीने या वारशाचे काय केले? संस्कृतच्या लट्‌ची रूपे प्राकृतातून मराठीत आली, पण त्यांचे काम बदलले. 'तो करी', 'आई म्हणे' ही रूपे मुळात वर्तमानकाळाचीच. आज ती रीतिभूतकाळ दाखवतात : आजोबा रोज पहाटे उठत, आजी जात्यावर गाई. म्हणींनी मात्र जुना अर्थ जपला आहे. 'देव तारी त्याला कोण मारी' या म्हणीत 'तारी' आणि 'मारी' म्हणजे 'तारतो' आणि 'मारतो' असाच अर्थ आहे. आजचा वर्तमानकाळ 'करतो, करते' हा कृदन्तावर उभा राहिला, म्हणून त्याला लिंग चिकटले. तरी दुसऱ्या पुरुषातला -स त्यालाही येऊन लागला आणि 'आहेस'मध्ये राहिला. 'आहेत'मधला त अभ्यासक -न्ति या प्रत्ययाकडे नेतात. म्हणजे लॅटिनच्या तक्त्यातली दोन घरे मराठी माणूस आजही रोज वापरतो.

आता या तक्त्यातल्या खऱ्या अडचणीकडे वळायला हवे. लॅटिनमध्ये क्रियापदांचे चार गण आहेत आणि प्रत्यय तेच असले तरी मधला स्वर गणागणिक बदलतो. पहिल्यात आ : अमास्. दुसऱ्यात दीर्घ ए : मोनेस्, म्हणजे 'तू बजावतोस'. तिसऱ्यात ऱ्हस्व इ : लेगिस्, म्हणजे 'तू वाचतोस'. चौथ्यात दीर्घ ई : औदीस्, म्हणजे 'तू ऐकतोस'. संस्कृतचे दहा गण ज्याने पाहिले आहेत त्याला धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये काही बसते हे नवे नाही.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वारो या रोमन विद्वानाने गण ओळखण्यासाठी दुसऱ्या पुरुषाचे रूप पाहायला सांगितले. ती सूचना आजही उपयोगी आहे. 'अमो' आणि 'लेगो' दोन्ही ओकारान्त. 'मी'च्या रूपावरून गण सांगता येत नाही. 'तू'च्या रूपावरून तो लगेच ओळखू येतो. शब्दकोशातून क्रियापद उतरवून घेताना विद्यार्थ्याने 'लेगो, लेगिस्' अशी जोडीच उतरवावी.

इथे देवनागरी मोठी मदत करते. रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ एकाच अक्षराने लिहितात. पाठ्यपुस्तके दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात आणि विद्यार्थी ती रेघ नजरेआड करतो. देवनागरीत अ-आ, इ-ई, उ-ऊ यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. 'लेगिमुस्' आणि 'औदीमुस्' असे लिहिले की फरक डोळ्यांना दिसतो आणि वाचताना जिभेवर येतो. त्यावरच आघात ठरतो. उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्यावर. म्हणून 'औदीमुस्'मध्ये जोर 'दी'वर पडतो आणि 'लेगिमुस्'मध्ये 'ले'वर. वृत्तात लघू-गुरू मोजलेल्या माणसाला हा नियम क्षणात कळतो. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपली नेहमीची लिपी दाखवत नाही. त्यामुळे 'मोनेरे' म्हणजे बजावणे आणि 'लेगेरे' म्हणजे वाचणे यांतला फरक कानानेच शिकावा लागतो : पहिल्यात जोर 'ने'वर, दुसऱ्यात 'ले'वर.

एक बारकावा अजून. 'अमास्'मध्ये आ दीर्घ, मग 'अमत्'मध्ये तो ऱ्हस्व कसा? पूर्वी तिथेही दीर्घच होता. इसवी सनापूर्वी 184 मध्ये वारलेल्या प्लाउतुस या नाटककाराच्या छंदांत अशा रूपांचा स्वर दीर्घ मोजला जातो. नंतरच्या काळात शब्दान्तीच्या त् आणि न्त् च्या आधी तो आखूड झाला. पुढे लोकांच्या बोलीत त् हा उच्चारही ढिला पडला. इसवी सन 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर लोकांनी खरडलेल्या मजकुरात 'अमत्'च्या जागी नुसते 'अमा' आढळते. आजच्या इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतही 'आमा' हेच रूप आहे. गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज बोलली गेली, त्यांना आमु, आमश, आम हे ओळखीचे वाटतील. फ्रेंचमध्ये लिहिताना शेवट वेगळे राहिले, पण बोलताना सहापैकी चार रूपे एकाच उच्चाराची झाली, आणि त्यामुळे सर्वनाम लावणे फ्रेंचांना भाग पडले.

विद्यार्थ्याला हा तक्ता आजच्या स्वरूपात मिळाला कुठून? चौथ्या शतकात रोममध्ये दोनातुस नावाचा व्याकरणशिक्षक होता. संत जेरोम त्याचा शिष्य. त्याचे छोटे व्याकरण प्रश्नोत्तररूप आहे आणि त्यात नमुन्याचे क्रियापद 'लेगो' आहे. तो गण तीनच मोजतो आणि तिसऱ्याचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन भाग करतो. सन 500 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिस्कियानुसने अठरा भागांचे व्याकरण लिहिले आणि त्यात चार गण सांगितले. मध्ययुगभर युरोपातल्या मुलांच्या हाती दोनातुसच होता. गुटेनबर्गच्या छापखान्यातून सुरुवातीला जे छापून निघाले, त्यातही हे व्याकरण होते. इंग्लंडात केनेडीच्या 1888 च्या सुधारित लॅटिन प्रायमरने 'अमो, मोनेओ, रेगो, औदिओ' ही चार नमुन्याची क्रियापदे रूढ केली.

या परंपरेचा एक धागा मराठी शाळेपर्यंत आला आहे. संस्कृत व्याकरणात 'प्रथम पुरुष' म्हणजे 'तो' आणि 'मी' म्हणजे 'उत्तम पुरुष'. मराठी व्याकरणाच्या पुस्तकात 'प्रथम पुरुष' म्हणजे 'मी'. एकाच वर्गात दोन्ही विषय शिकणाऱ्या मुलांची यात दरवर्षी गडबड होते. 'मी'पासून मोजण्याची ही रीत रोमन व्याकरणकारांची आहे. ती इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने मराठीत आली.

मराठी कानाला काही गोष्टी सोडाव्याही लागतात. पहिली म्हणजे आदरार्थी अनेकवचन. मराठी विद्यार्थी गुरुजींशी लॅटिनमध्ये बोलू लागला की सवयीने -तिस् लावतो. अभिजात लॅटिनमध्ये एका माणसाला 'तू'च. गुलाम धन्याला 'तू' म्हणे, वक्ता सीझरला 'तू' म्हणे. -तिस् लावले की समोर एकापेक्षा जास्त माणसे आहेत असाच अर्थ होतो. दुसरी गोष्ट 'आम्ही' आणि 'आपण' यांची. -मुस् दोन्हींना एकच. ऐकणारा त्यात धरला आहे की वगळला आहे हे संदर्भावरून ठरवायचे. तिसरी गोष्ट लिंगाची. 'करतो' आणि 'करते' हा भेद लॅटिन क्रियापदात नाही. 'लेगित्' म्हणजे तो वाचतो, ती वाचते आणि ते मूल वाचते, तिन्ही. 'वाचतो' आणि 'वाचत आहे' यांसाठीही एकच रूप.

उलट एका जागी मराठी माणूस इंग्रजी माणसाच्या पुढे असतो. 'मुल्तोस् अन्नोस् हिक् हबितो' या वाक्याचा शब्दशः अर्थ 'पुष्कळ वर्षे इथे राहतो'. पूर्वी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट लॅटिन साध्या वर्तमानकाळाने सांगते. इंग्रजीला इथे दुसरा काळ वापरावा लागतो, म्हणून इंग्रजी पुस्तकांत या प्रयोगासाठी खास नियम दिलेला असतो. मराठीत आपण सहज म्हणतो, 'कित्येक वर्षे मी इथेच राहतो.' नियमाची गरजच नाही. तसेच इतिहास सांगताना वर्तमानकाळ वापरणे. सीझर आपल्या गॉलच्या मोहिमांच्या वृत्तान्तात ऐन रणधुमाळीत वर्तमानकाळावर येतो. 'खान भेटीला येतो, महाराज पुढे होतात' असे ऐकत वाढलेल्या मुलाला त्याचे स्पष्टीकरण लागत नाही.

संधीची सवयही अशीच उपयोगी पडते. 'पोस्सुम्' म्हणजे 'मी करू शकतो'. रूपे पोस्सुम्, पोतेस्, पोतेस्त्, पोस्सुमुस्, पोतेस्तिस्, पोस्सुन्त्. विस्कळीत वाटणारा हा तक्ता 'पोत्' अधिक 'सुम्' एवढाच आहे. पुढे स आला की त् चा स् होतो, स्वर आला की त् तसाच राहतो. वर्ण शेजारच्या वर्णासारखा होतो हे ज्याने संस्कृतच्या तासाला शिकले आहे, त्याला सहा रूपे पाठ करायची गरज नाही. तो ती तयार करू शकतो.

ही रूपे निव्वळ पुस्तकी आहेत असेही कोणी समजू नये. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 32 आणि 226 मध्ये 'मँडेमस' हा आदेश आहे. मराठीत त्याला परमादेश म्हणतात. मूळ रूप 'मन्दामुस्', पहिल्या गणातला -मुस् : 'आम्ही आज्ञा करतो'. त्याच अनुच्छेदांतला 'हेबियस कॉर्पस' मात्र वर्तमानकाळाच्या या तक्त्यात बसत नाही. 'तू धारण करतोस' हे 'हबेस्'. कायद्यातले रूप 'हबेआस्', म्हणजे 'तू धारण करावेस'. एका आकाराने विधानाचे विध्यर्थात रूपांतर झाले.

वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक कुटुंबांतल्या वडीलधाऱ्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीची, म्हणजे 1962 ते 1965 च्या आधीची, लॅटिन मिस्सा ऐकलेली आहे. त्यातल्या गौरवस्तोत्रात -मुस् ने संपणारी चार क्रियापदे एकापाठोपाठ येतात. ज्यांना लॅटिन येत नव्हते त्यांच्याही कानांवर हा प्रत्यय रविवारमागून रविवार पडत होता.

आणि आंब्याचे नाव घ्यायलाच हवे. लिनेअसने 1753 च्या 'स्पीशीज प्लँटारम' या ग्रंथात आंब्याला 'मँजिफेरा इंडिका' असे नाव दिले. 'मँगो' हा मूळचा दक्षिण भारतीय शब्द, आणि पुढचे 'फेरा' त्याच 'फेरो'मधले : आंबा धारण करणारी. त्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीच्या नोंदीत ती कुठे आढळते हे सांगताना 'हबितत्' असे क्रियापद येते, म्हणजे 'राहते'. पहिला गण, तिसरा पुरुष, एकवचन. हेच क्रियापद पुढे 'हॅबिटॅट' हे नाम झाले. लिनेअसच्या आधी, 1678 ते 1693 या काळात, केरळच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ निघाला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे निवेदन नागरी लिपीत छापलेले आहे. कोकण-गोव्याच्या इतिहासाची अशी साधने, जेझुइटांची पत्रे धरून, लॅटिनमध्ये पडून आहेत. ती मुळातून वाचणारी माणसे इथल्या भाषा जाणणारी असली तर त्या कागदांतून अधिक काही हाती लागेल.

तेव्हा मराठी विद्यार्थ्याला लॅटिनचा वर्तमानकाळ कोणत्या क्रमाने शिकवावा? विसाव्या शतकातल्या चांगल्या पाठ्यपुस्तकांनी एक शहाणपण दाखवले. डॅनिश अध्यापक हान्स ओर्बर्ग यांचे पुस्तक आणि 1970 पासूनचा केंब्रिजचा लॅटिन अभ्यासक्रम, दोन्ही आधी 'एस्त्' आणि -त् ही रूपे वाक्यांत आणि गोष्टींत वापरतात. 'मी' आणि 'तू' नंतर येतात. संस्कृतची परंपराही 'पठति'पासूनच सुरू होते. म्हणून पहिले काही तास 'एस्त्' आणि 'सुन्त्'चे असावेत, शेजारी 'अस्ति' आणि 'सन्ति' लिहून. मग चारही गणांतले -त् आणि -न्त्, छोट्या गोष्टींतून. मग -स्, मराठीच्या -स शी जोडून, आणि त्याबरोबरच गण ओळखण्याची युक्ती. -ओ, -मुस् आणि -तिस् त्यानंतर. प्रत्येक नवे क्रियापद वहीत देवनागरीत लिहावे, ऱ्हस्व-दीर्घ पाळून, आणि मोठ्याने म्हणावे. तक्ता फळ्यावर यावा तो सगळ्यात शेवटी, मुलांनी सहाही रूपे वाक्यांत वापरून झाल्यावर, आणि तो मुलांनीच भरावा.

असे शिकलेल्या वर्गाला पुढचा काळ जड जात नाही. अपूर्ण भूतकाळात अमाबम्, अमाबास्, अमाबत्, अमाबामुस्, अमाबातिस्, अमाबन्त् अशी रूपे होतात. पाच घरांतले शेवट तेच राहतात, मध्ये -बा- येऊन बसतो, आणि 'मी'च्या घरात -ओ ऐवजी -म् येतो. तो म् 'सुम्'मध्ये आणि 'अस्मि'त विद्यार्थ्याने आधीच पाहिलेला असतो.